चौथं ब्लँकेट आणि त्याग धर्म



दशलक्षण पर्वाचा आठवा दिवस उत्तम त्याग धर्माचा. आमच्या बस्तीत त्या दिवशी अभिषेक, पूजा झाली की महिला मंडळाची बैठक बसते आणि वर्षभराची दानपेटी उघडली जाते. गेल्या वर्षी पेटीत ८४,००० रुपये निघाले. नाणी मोजायला तासभर लागला, पण पैशांचं काय करायचं हे पाच मिनिटांत ठरलं. दरवर्षी ठरतं तेच. थंडीच्या तोंडावर ब्लँकेटं, जूनमध्ये वह्या. एका काकूंनी ब्लँकेटाचा रंगसुद्धा सांगून टाकला. मीही सगळ्यांबरोबर हात वर केला आणि घरी आले.

घरी आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी ओट्यापाशी होत्या. बोलता बोलता मी म्हटलं, "मावशी, औंदा ब्लँकेट मरून रंगाचं आहे बरं का."

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "वहिनी, रागावू नका. तीन वर्षांची तीन बिलँकेटं ट्रंकेत तशीच हायती. दोनच माणसं आमी घरात. चौथं कुणाला पांघरू?"

मी ओशाळले. विचारलं, "मग तुम्हाला काय द्यायला हवं होतं?"

"त्याचे पैशे दिले असते तर त्यात थोडी भर घालून शेळी घेतली असती. दूध झालं असतं, वर चार पैशे आले असते."

शेळी! मैत्रिणींनो, मला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. शेळी म्हटलं की दूध आलं, करडं आली, आणि बोकड झाला की बाजार आला. बाजारानंतर काय, ते आपल्याला ठाऊक आहे. मी गप्प बसले आणि मूग निवडायला घेतले.

माझी लेक पर्वासाठी पुण्याहून आली होती. तिनं अर्थशास्त्रात एम.ए. केलंय. ती सगळं ऐकत होती. मावशी गेल्यावर म्हणाली, "आई, मावशींनी जे विचारलं ना, त्यावर जगभर वीस वर्षं काम चाललंय. गरिबाला वस्तू द्यायची की पैसे, आणि दिल्यानं नेमकं काय होतं."

सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकून आम्ही अंगणात बसलो. तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते आहे.

आफ्रिकेत केनिया देश आहे. तिथे २००७ पासून मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा नावाची सोय आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीची. तिचाच उपयोग करून 'गिव्हडायरेक्टली' नावाची संस्था पश्चिम केनियातल्या गरीब घरांना थेट पैसे देते. घर कसं ओळखायचं? सुरुवातीला खूण अगदी साधी होती, छप्पर गवताचं असलं की घर गरिबाचं. पैशांवर अट कसलीच नाही, की याचंच हे घ्या आणि त्याचंच ते घ्या. सियाया नावाच्या भागात ६५३ गावांमध्ये मोठा अभ्यास झाला. १०,००० हून जास्त कुटुंबांना प्रत्येकी साधारण १,००० डॉलर मिळाले.

मी लगेच म्हटलं, "झालं! पुरुष सगळे दारूत घालवणार."

आपल्या सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा हेच येतं, खरं सांगा. पण हीच शंका अभ्यास करणाऱ्यांनाही होती. त्यांनी पैसे मिळालेली घरं आणि न मिळालेली घरं यांची नीट तुलना केली. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. लोकांनी घरावर पत्रे घातले, पोटभर जेवले, जनावरं घेतली, छोटे धंदे काढले. सियायात तर ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढली, कारण पैसा गावातच फिरला. पत्रे गावातल्या दुकानातून आले, सुतार गावातला होता. महागाई जवळजवळ वाढली नाही. आता हा फायदा किती वर्षं टिकतो यावर जाणकारांत मतभेद आहेत, हेही लेकीनं प्रामाणिकपणे सांगितलं.

मग आमच्या वह्यांचा विषय निघाला. मी म्हटलं, "ब्लँकेटांचं राहू दे. विद्यादान तरी बरोबर आहे ना?"

तिनं पुन्हा केनियाचंच उदाहरण दिलं. तिथे एका प्रयोगात शाळांना पाठ्यपुस्तकं दिली. सगळ्यांना वाटलं होतं की मुलांचे गुण वाढतील. सरासरी काही वाढलेच नाहीत. जी मुलं आधीपासून हुशार होती तेवढ्यांनाच फायदा झाला. कारण पुस्तकं इंग्रजीत होती आणि ती बहुतेक मुलांची तिसरी भाषा! पुस्तक हातात आलं, पण वाचता येईना. त्याच देशात बुसिया भागातल्या ७५ शाळांमध्ये १९९८ पासून मुलांना टप्प्याटप्प्यानं जंताच्या गोळ्या दिल्या, तेव्हा शाळेतली गैरहजेरी सुमारे पाव भागानं कमी झाली. पुढे या अभ्यासावरही बराच वाद झाला, पण मला त्यातली एक गोष्ट पटली. शाळा म्हटलं की आपल्याला वही दिसते. मुलाचं पोट दुखतंय हे आपल्याला दिसत नाही.

आता उदयपूरचं ऐका. राजस्थानातलं उदयपूर आपल्यातल्या कित्येकींनी केसरियाजी ऋषभदेवच्या यात्रेला जाताना पाहिलं असेल. त्या जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळांच्या लसी फुकट होत्या, तरी पूर्ण लसी झालेली बाळं १०० त ६ सुद्धा जेमतेम. सेवा मंदिर या तिथल्या संस्थेबरोबर १३४ गावांत प्रयोग झाला. काही गावांत दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता लसीचं शिबिर भरवलं. तिथे प्रमाण १८ वर गेलं. आणखी काही गावांत शिबिराबरोबर दर लसीला १ किलो डाळ दिली आणि सगळ्या लसी पुऱ्या झाल्या की जेवणाच्या थाळ्या. तिथे प्रमाण ३९ वर गेलं.

मी म्हटलं, "डाळीचा खर्च वाढला असेल की."

"उलट," लेक म्हणाली. "डाळ दिली तिथे पूर्ण लसी झालेल्या एका बाळामागे खर्च निम्मा आला. नर्सचा दिवसाचा पगार तेवढाच, तिच्यापुढे बाळं दोन येवोत की वीस."

हे मला घरातली बाई म्हणून चटकन कळलं. चूल पेटलीच आहे तर दोन भाकरी जास्त थापायला जळण कितीसं लागतं? आणि आई लस टाळते ती बाळावर माया नाही म्हणून नाही. मजुरी बुडते, ऊन असतं, लस टोचल्यावर बाळ रात्रभर किरकिरतं, आणि फायदा डोळ्यांना दिसत नाही. १ किलो डाळ त्याच दिवशी दिसते. आपण तरी उपवासाचं फळ पुढच्या भवात म्हणतो आणि पारण्याचं ताट आजच सजवतो ना?

असे प्रयोग करून बघण्याच्या पद्धतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं मला समजलं ते एवढंच, की देण्याआधी समोरच्याचं अडलंय कुठे ते विचारा, आणि दिल्यावर काय झालं ते मोजा.

हे ऐकताना मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवत होता. पर्वात आपण तो दरवर्षी ऐकतो. दानाचं फळ विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींनी कमीजास्त होतं, असं उमास्वामींनी सांगून ठेवलंय. मुनींना आहार देताना आपण किती जपतो! पाणी गाळलेलं, धान्य सोधलेलं, पदार्थ त्या ऋतूला आणि त्या साधूंच्या प्रकृतीला सोसेल असा. कुणाचं कशाचं नियम-त्याग आहे ते आधी विचारून घेतो. करुणादानाची वेळ आली की मात्र काहीच विचारत नाही. घाऊक दुकानातून मरून ब्लँकेटं आणतो.

तरी शेळी माझ्या मनातून जात नव्हती. कारण लेकीच्या सगळ्या गोष्टींत जनावरं होतीच. केनियात लोकांनी पैशातून जनावरं घेतली. बांगलादेशात ब्रॅक संस्थेनं २००२ पासून अगदी दरिद्री बायकांसाठी जी योजना काढली तिच्यात गाय किंवा शेळ्या, थोडे दिवस खर्चाला पैसे, दर आठवड्याला घरी येऊन शिकवणं आणि बचतीची सवय असं सगळं एकत्र देतात. तीच पद्धत पश्चिम बंगालमध्ये बंधन संस्थेनं राबवली. दहा वर्षांनी पाहिलं तरी त्या बायकांची घरं इतरांपेक्षा बरी चालली होती. नुसत्या कर्जाचं तसं झालं नाही. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये छोट्या कर्जांचा अभ्यास झाला, तेव्हा काही धंदे वाढले पण घरखर्चात किंवा बाईच्या घरातल्या स्थानात फारसा फरक दिसला नाही. बचत गट चालवणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं असं आहे.

म्हणजे गरीब बाईला वर काढणारी गोष्ट पुष्कळदा चार पायांची असते. आणि आपला धर्म सांगतो की हिंसा स्वतः केली, करवली किंवा तिला अनुमोदन दिलं तरी दोष आहेच. माझ्या पैशाची शेळी, तिचा बोकड, बोकडाचा खाटीक. मी कुठे उभी राहणार? लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही, आई."

सासूबाई माळ घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. त्या म्हणाल्या, "तू भाजीवाल्याला पैसे देतेस. तो त्याचं घरी काय शिजवतो ते विचारतेस का?"

"तो त्याचा मोबदला असतो, आई. हे दान आहे."

"मग दान दिल्यावर तरी ते तुझं राहतं होय? माझं म्हणणं सुटत नसेल तर त्याग कसला?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात लेकीनं आणखी एक विचारलं. "आई, मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवलास?"

मला आठवावं लागलं. तीन वर्षं झाली होती. १,५०० रुपये. तेलाचा डबा, गॅस, बसचं तिकीट सगळं वाढलेलं, आणि दरवर्षी मी त्यांना एक ब्लँकेट दिलेलं.

ती मला टोचण्यासाठी म्हणत नव्हती, ती तिचा विषयच पुढे नेत होती. जगातली गरिबी मोठ्या प्रमाणात कमी झाली ती दानानं नाही, हे तिला सांगायचं होतं. १९९० मध्ये जगातल्या दर तीन माणसांमागे एकाहून जास्त अत्यंत गरीब होता. कोरोनाच्या आधी हेच प्रमाण, त्या वेळच्या मापानं, दहात एकाच्याही खाली आलं होतं. त्यातला सगळ्यात मोठा वाटा चीनचा. तिथे ४० वर्षांत जवळपास ८० कोटी माणसं अत्यंत गरिबीतून बाहेर पडली. त्यांना कुणी ब्लँकेटं वाटली नव्हती. आधी शेतकऱ्याला आपल्या कष्टाचं पीक स्वतः विकता आलं, मग कारखाने आले, मजुरी वाढली. दान लागतंच. जिथे काम पोचत नाही, जिथे आजार आहे, भूक आहे, बाळाची लस आहे तिथे त्याला पर्याय नाही. पण ज्याच्या हाताला काम आहे त्याला आधी कामाचं पुरतं मोल मिळालं पाहिजे.

आपल्याकडे श्रावकाच्या गुणांत न्यायानं मिळवलेलं धन पहिलं सांगतात. मी ते नेहमी 'ह्यांच्या' दुकानाच्या संदर्भात ऐकलं होतं, वजनात मारू नये वगैरे. ते माझ्या स्वयंपाकघरालाही लागू आहे हे त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं. रात्री सामायिकाला बसले, पण मन काही लागलं नाही. बोटं सारखी हिशोब करत होती.

दुसऱ्या दिवशी मी मावशींचा पगार २,२०० केला. आणि वाढलेले ७०० रुपये मागच्या ३६ महिन्यांचे धरून २५,२०० त्यांच्या खात्यावर भरले. दिवाळीला चांदीचा करंडा घ्यायचा म्हणून साठवले होते ते पैसे. हे मी पुण्य म्हणून लिहीत नाही. उशिरा दिलेल्या पगाराला दान म्हणत नाहीत. मावशींनी दोनदा विचारलं, "वहिनी, चुकून तर आले नव्हं?"

मंडळात हा विषय पुन्हा काढणं त्याहून अवघड गेलं. "एकदा ठरलेलं बदलायचं नसतं," असं एक जण म्हणाली. दुसरीनं विचारलं, "पैसेच दिले तर फोटो कशाचा काढायचा?" सगळ्या हसल्या, पण तिचा प्रश्न खराच होता. आमच्या अध्यक्षा वयानं मोठ्या आहेत. त्यांनी लक्ष्मीबाईंची आठवण काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी, आपल्याच समाजातल्या. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची गरीब मुलं जेवायची, त्यांच्यासाठी त्यांनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. अध्यक्षा म्हणाल्या, "त्यांचा फोटो काढायला कोण होतं गं?"

जिनं जनावरांचा मुद्दा काढला तिचं म्हणणं मी मनापासून मानलं. ती म्हणाली, "दानपेटीत दीडशे जणींची भावना आहे. तो पैसा हिंसेच्या वाटेला जाता कामा नये." बरोबरच आहे. एकटीनं घ्यायचा निर्णय वेगळा आणि सगळ्यांच्या वतीनं घ्यायचा वेगळा. म्हणून असं ठरलं की बस्तीत आणि आमच्या घरांत कामाला येणाऱ्या १४ जणींना आधी त्यांची अडचण विचारायची आणि प्रत्येकीला ६,००० रुपये त्या कामासाठी द्यायचे. जनावर सोडून काहीही.

विचारायला आम्ही दोघी-दोघी गेलो. अकरा वर्षं माझ्या घरी येणाऱ्या मावशींच्या घरी मी पहिल्यांदाच गेले होते! एकीला पावसाआधी दोन पत्रे बदलायचे होते. एकीला मुलीची आयटीआयची फी भरायची होती. दोघींना सावकाराचं देणं फेडायचं होतं, शेकडा पाच रुपये महिना व्याजानं घेतलेलं. एका आजींना फक्त चष्मा हवा होता, तीन महिने त्या अंदाजानं भांडी घासत होत्या. ब्लँकेट एकीनंही मागितलं नाही. मावशींनी मंडळाच्या पैशातून नळाची जोडणी घेतली.

वर्षभरानं आम्ही पुन्हा गेलो, काय झालं ते बघायला. पत्रे बसलेत. मुलगी शिकते आहे. सावकाराचं एकीचं फिटलं, दुसरीनं दुसरीकडून पुन्हा कर्ज काढलं. एकीच्या नवऱ्यानं पैसे काढून घेतले, ते कशात गेले ते ती सांगत नाही. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. पण काय झालं आणि काय नाही हे आम्हाला आता माहीत आहे. ब्लँकेटांचं कधीच माहीत नव्हतं.

आणि शेळी? मावशींनी थकलेल्या पगारातून घेतलीच. पैसे त्यांच्या कष्टाचे होते, त्यात माझा शब्द चालणार नव्हता आणि चालायला नकोही. मार्चमध्ये शेळी व्याली. एक पाठ आणि एक बोकड. त्या दिवसापासून माझी झोप थोडी कमी झाली. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, बोकड विकायचा झाला की बाजारात काय भाव येईल तो मी देते. मी त्याला पांजरपोळात पाठवते."

मावशी मनापासून हसल्या. "चालंल की. पन वहिनी, शेळी दरसाल व्यायची. किती बोकडं घेशीला?"

हिशोबाला त्या माझ्या लेकीपेक्षा पक्क्या आहेत. पहिला बोकड मी घेतला, पांजरपोळात पोचवून आले, त्याच्या चाऱ्याचेही पैसे भरले. पुढचं वेत दिवाळीच्या सुमाराला आहे. मी काय करणार ते अजून ठरलेलं नाही. तुमच्यातल्या कुणाला यातून बरी वाट सुचत असेल तर सांगा, मी खरंच विचारते आहे.

यंदाचं पर्व आठ दिवसांवर आलंय. त्यागाच्या दिवशी पेटी पुन्हा उघडेल. या वेळी विचारून येण्याचं काम आम्ही आधीच करतोय, म्हणजे बैठकीत रंगावर चर्चा होणार नाही. तुमच्या मंडळात पेटीचं काय होतं, तेही जरूर कळवा. आणि जमलं तर बैठकीआधी आपापल्या घरच्या मावशींचा पगार कधी वाढवला होता तेवढं आठवून बघा.

लिहिताना काही चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.